नववीच्या मुलांना विद्यापीठ दाखवायचंय? मग दहा विभाग फिरवू नका

पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा प्रश्न आहे. नववीच्या साठ मुलांना एक दिवस पुण्याला विद्यापीठात न्यायचं आहे. बारावीनंतर काय काय शिकता येतं आणि त्यातून पुढे कोणती कामं मिळतात, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं अशी सरांची इच्छा. कोणते विभाग बघावेत, कोणाला भेटावं, आणि 'त्यापेक्षा तो दिवस जादा तासाला द्या, चार मार्क तरी वाढतील' असं म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, मी हे काम बरीच वर्षं विद्यापीठाच्या बाजूने केलंय. तुमची बस गेटवर आली की हातात यादी घेऊन जो माणूस उभा असतो, तो मी. त्यामुळे थोडं आतल्या बाजूने सांगतो.

शाळांकडून येणारं नियोजन साधारण ठरलेलं असतं. साडेदहाला सभागृहात स्वागत, दीपप्रज्वलन, मान्यवरांचं मार्गदर्शन. मग ग्रंथालय, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्राचं संग्रहालय, जेवण, आणखी तीन-चार विभाग, फोटो, परत. प्रत्येक विभागाला वीस मिनिटं. त्यातली दहा मुलांना आत घेऊन रांगेत उभं करण्यात जातात. यंत्राशेजारी एखादा पीएचडीचा विद्यार्थी उभा असतो. तो यंत्राचं नाव सांगतो, ते कुठल्या देशातून आलं ते सांगतो आणि शेवटी किंमत सांगतो. घरी गेल्यावर मुलांना यंत्राची किंमत तेवढी आठवते. मागच्या रांगेतल्या मुलांना तर यंत्रही दिसलेलं नसतं, फक्त पुढच्यांची डोकी.

माझं म्हणणं असं की सकाळी एक आणि दुपारी एक, एवढेच विषय ठेवा. पण ते मुलांच्या हातून होऊ द्या. साठ मुलांचे पंधरा-पंधराचे चार गट करा, आणि प्रत्येक गटाला एका विषयासाठी सलग दीड तास मिळाला पाहिजे. याहून कमी वेळात मूल विषयात शिरत नाही, नुसतं बघून येतं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत अशा दिवसांना टेस्टर डे, म्हणजे विषयाची चव घेण्याचा दिवस म्हणतात आणि तिथेही कल असाच आहे. नुसतं आवार दाखवण्यापेक्षा त्या विषयाचा खरा तास, खरं प्रात्यक्षिक.

दीड तासात काय होतं, याचं तुमच्याच भागातलं उदाहरण देतो.

भूशास्त्र विभागात तुमच्या मुलांना घेऊन गेलात, तर तिथल्या प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा की मुलं निघोजच्या जवळची आहेत. कुकडीच्या पात्रातले ते रांजणखळगे तुमच्या बहुतेक मुलांनी मळगंगेच्या यात्रेत पाहिले असतील. आता त्यांच्या हातात काळ्या दगडाचा तुकडा, एक भिंग आणि एक खिळा द्यायचा, आणि विचारायचं: एवढ्या कठीण दगडात इतके गोल खड्डे पडले कसे? मुलं सुरुवातीला गप्प बसतात. मग एखादा म्हणतो पाण्याने. मग तिसरा विचारतो की पाण्याने पडले तर सगळ्या नदीत का नाहीत? इथून पुढे प्राध्यापकांनी फारसं बोलायची गरज नसते. खड्ड्याच्या तळाशी गोटे सापडतात, हे कोणाला तरी आठवतंच. भोवऱ्यात तेच गोटे फिरत राहतात आणि दगड घासला जातो, इथपर्यंत मुलं स्वतःच पोचतात. मग त्याच काळ्या दगडाचा कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. तबकडी फिरवली की आतल्या स्फटिकांचे रंग बदलतात, आणि पंधरापैकी दोन-तीन मुलं तिथून हलत नाहीत. हा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे वाक्य त्यानंतर सांगायचं. आधी सांगितलं तर ते पुस्तकातलंच एक वाक्य होतं.

आणि करिअर? ते इथेच येतं, वेगळ्या व्याख्यानात नाही. पारनेरसारख्या तालुक्यात बोअर घेण्याआधी हातात नारळ घेऊन शिवारात फिरणारा पाणाड्या कोणी पाहिला नाही? मुलांना विचारा, त्याने सांगितलेल्या किती जागांना पाणी लागलं. मग दाखवा की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं सरकारी खातंच आहे, तिथे भूशास्त्रज्ञ नोकरीला असतात, विहिरींची पाणीपातळी मोजतात, आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांनाही अशी माणसं लागतात. राळेगणसिद्धी तुमच्याच तालुक्यात आहे, बांधबंदिस्ती म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. विषय आणि त्यातला रोजगार एका धाग्यात आले तर लक्षात राहतात. 'भूशास्त्रातील संधी' असा फळा लिहून वीस पदनामं वाचून दाखवली तर जांभया येतात.

विज्ञानच पाहिजे असंही नाही. येरवड्याजवळ डेक्कन कॉलेज आहे, ते अभिमत विद्यापीठ आहे आणि तिथला पुरातत्त्व विभाग जुना, नावाजलेला. त्यांनी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आणि त्याहूनही जुन्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. घरं, जळालेलं धान्य, आणि एक चार पायांचा मोठा मातीचा रांजण, ज्यात एका माणसाला बसवून पुरलं होतं. नववीच्या मुलांना हे सांगितलं की वर्गात चिडीचूप होते. पण तेवढ्यावर थांबू नका. विभागाला विनंती करा की मुलांसमोर खापरांचा एक ट्रे ठेवा आणि ती वेगवेगळी करायला सांगा: काठाचे तुकडे, बुडाचे तुकडे, रंगवलेले, साधे. पंधरा मिनिटांत मुलांच्या ध्यानात येतं की उत्खनन म्हणजे खजिना शोधणं नव्हे, त्यात बहुतेक वेळ निवडण्यात आणि नोंदी करण्यात जातो. काहींना हे फार आवडतं. काहींना अजिबात नाही.

हे 'अजिबात नाही' मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि शाळांना नेमकं तेच नको असतं. बसमधून उतरलेल्या सगळ्या मुलांनी 'खूप छान वाटलं' म्हणावं, अशी शिक्षकांची अपेक्षा. पण डॉक्टरच व्हायचं म्हणणाऱ्या एखाद्या मुलीला सूक्ष्मजीवशास्त्रात पेट्री डिशमधल्या, म्हणजे चपट्या बशीतल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायला बसवलं, एक झाली की दुसरी, आकडे लिहायचे, पुन्हा मोजायचे, आणि दीड तासाने ती म्हणाली 'सर, हे काम मला जमणार नाही', तर तिला नववीतच एक गोष्ट कळली. नाहीतर तीच गोष्ट बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कळते, तोपर्यंत घरच्यांचे पैसे आणि तिची वर्षं गेलेली असतात. त्याच बाकावर शेजारची मुलगी मोजण्यात इतकी गुंगते की जेवायला उठवावं लागतं. दोघींचाही दिवस सार्थकी लागला.

आता विषय कोणी निवडायचे? निम्मे मुलांनी, निम्मे तुम्ही. सकाळचा विषय मुलांना निवडू द्या, दुपारचा तुम्ही द्या आणि तो त्यांनी कधी ऐकलेला नसावा. मुलांना पुस्तकात असलेलेच विषय माहीत असतात. त्यांच्यावर सोडलं तर सगळे रोबोट आणि अंतराळ मागतील, सांख्यिकीला एकही हात वर येणार नाही. आणि माझा अनुभव असा की सांख्यिकीचा तास हमखास रंगतो, कारण त्याला यंत्र लागतच नाही. बादलीभर ज्वारी घ्यायची, त्यात थोडे दाणे रंगवून मिसळायचे. एक-एक वाटी काढून मोजायला सांगायचं आणि पूर्ण बादलीत रंगीत दाणे किती, याचा अंदाज मागायचा. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं, मग भांडण, मग वाटी मोठी घ्यायची की जास्त वेळा काढायची यावर वाद. मतदानाचे अंदाज, औषधांच्या चाचण्या, पीकविम्यासाठी गावात होणारा पीककापणी प्रयोग, सगळं या बादलीतून निघतं. पीककापणीला तलाठी आणि कृषी सहायक वावरात आलेले मुलांनी पाहिलेले असतात. अशा मोजक्या चौकोनी तुकड्यांतून सगळ्या महसूल मंडळाचा आकडा कसा काढतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

कोणाला भेटावं, तर विभागप्रमुखांना पाच मिनिटं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एक तास. आधीच कळवा की गटासोबत एमएस्सीचा किंवा पीएचडीचा असा विद्यार्थी द्या जो खेड्यातून, मराठी माध्यमातून आला आहे. असे पुष्कळ असतात, फक्त पाहुणे आले की त्यांना पुढे करत नाहीत. जेवणाच्या वेळी ही मुलं तुमच्या मुलांमध्ये बसली पाहिजेत, कारण खरे प्रश्न डबा उघडल्यावर निघतात. इंग्रजीचं कसं जमलं? होस्टेलला किती पैसे लागतात? घरचे नाही म्हणाले नाहीत का? एकदा एका मुलीने आमच्या संशोधक विद्यार्थ्याला विचारलं, 'दादा, तुमचं अजून शिक्षणच चालूय, मग घरी काय देता?' त्याने सांगितलं की नेट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, त्याशिवाय घरभाडं. शेजारी बसलेल्या शिक्षकांनाही ते ठाऊक नव्हतं. पीएचडी म्हणजे बापाच्या पैशावर तिशीपर्यंत शिकत राहणं, अशी समजूत गावाकडे घट्ट आहे. ती माहितीपत्रकाने जात नाही, समोरच्या माणसाने तोंडाने सांगावं लागतं.

दुसरी भेट तंत्रज्ञांशी. हे कोणीच मागत नाही. विद्यापीठात आणि संशोधन संस्थांत काच तापवून हवी तशी उपकरणं घडवणारे, लेथवर सुटे भाग बनवणारे, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे लोक असतात. त्यातले कित्येक आयटीआय किंवा डिप्लोमा केलेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काचकामाचा विभाग आहे. ज्योतीवर काचेची नळी वितळवून तिला वळण देणारा माणूस बघणं हा मुलांसाठी विलक्षण अनुभव असतो. साठातली सगळी मुलं नव्वद टक्क्यांची नसणार. ज्याला पंचावन्न टक्के पडतात, त्यालाही या आवारात आपल्यासारखा कोणीतरी दिसला पाहिजे. नाहीतर तो दिवसभर हुशार मुलांची बॅग सांभाळत फिरतो.

वर्ग तुम्ही बरोबर निवडलाय. दहावीच्या निकालानंतर लगेच अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शाखा भरावी लागते. २०२५ पासून ही केंद्रीय प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली, त्यामुळे पारनेरची मुलंही आता त्याच चक्रात आहेत. निकाल आणि अर्ज यांच्या मधल्या दिवसांत कोणी शांतपणे विचार करत नाही. दहावीच्या वर्षी पालक तुम्हाला दिवस देणार नाहीत. म्हणून नववी, आणि जमलं तर आठवीचा शेवट. मध्यंतरी बोर्डाकडून दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची. अशा चाचण्यांना मी नावं ठेवत नाही, पण खापर कधी हातात न घेतलेल्या मुलाचा पुरातत्त्वाकडे कल आहे की नाही, हे प्रश्नपत्रिका कशी सांगणार?

महिन्याच्या बाबतीत आमची अडचण सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे आमच्या सत्रपरीक्षांचे दिवस. तेव्हा 'या' म्हणतील, पण प्रयोगशाळा रिकाम्या नसतील आणि विद्यार्थी डोकं वर काढणार नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा डिसेंबर-जानेवारी चांगला. २८ फेब्रुवारी मात्र यासाठी टाळा. त्या राष्ट्रीय विज्ञान दिनी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या केंद्रासारख्या संस्था सगळ्यांना खुल्या असतात, आणि खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात तर मोठी विज्ञानजत्राच भरते. खोडद तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या अवाढव्य अँटेना मुलांनी एकदा जवळून पाहायलाच हव्यात, आणि मोबाइल बंद का ठेवायचे हे विचारायलाही हवं. पण जत्रेत कोणाला दीड तास देता येत नाही. मागून लोंढा येत असतो. तो दिवस डोळे विस्फारायला ठीक आहे, चव घ्यायला नाही. दोन्ही करा, पण एकाच्या जागी दुसरं नको.

पुणं लांब पडत असेल तर पुण्याचा हट्ट धरू नका. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तुमची बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. ऊस आणि कांद्यावर संशोधन करणारी माणसं बघितली की शेतीत शिकण्यासारखं काही आहे हे पहिल्यांदा जाणवतं. पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथे हाताने काम करत शिकणं हाच अभ्यासक्रम. तेही विद्यापीठाइतकंच दाखवण्यासारखं आहे, माझ्या मते काही मुलांसाठी जास्त.

आता पालक. चार मार्कांचा हिशेब चुकीचा नाही, तो त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पाच-सहा पालकांना बसमध्ये घ्या, त्यात निदान निम्म्या आया असू द्या. मुलींच्या बाबतीत घरी अडतं ते विषयावर नाही, 'पोरगी राहणार कुठे' यावर. म्हणून विद्यापीठाला आधीच लिहून मुलींच्या वसतिगृहाची परवानगी घ्या. आयांना आतून खोल्या, मेस आणि गेटवरची नोंदवही बघू द्या. अधीक्षक बाईंशी दहा मिनिटं बोलणं झालं की बसमधल्या परतीच्या गप्पा बदलतात. पैशांचंही तिथेच सांगावं: ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मागासवर्गीय मुलांसाठी आणि वसतिगृहासाठी इतर योजना आहेत, त्यातल्या बऱ्याच महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. दाखले आत्तापासून काढून ठेवा हे पालकांना सांगायला याहून चांगली वेळ नाही.

जाण्याआधी शाळेत एकच तयारी पुरे: प्रत्येक मुलाने घरच्यांना विचारून एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका, हात जोडून सांगतो. 'आमची अविस्मरणीय शैक्षणिक सहल' हा निबंध मुलं जाण्याआधीही लिहू शकतात. त्याऐवजी आठवड्याने एक तास मोकळा ठेवा आणि विचारा की कंटाळा कुठे आला, कोणाला परत जावंसं वाटतं. जी तीन-चार मुलं हात वर करतील, त्यांच्यासाठी पुढची दारं आहेत. आयुका शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं ठेवते, मराठीतूनही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञासोबत काम करायला घेते. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेसाठी मुलांच्या कल्पना शाळेनेच पाठवायच्या असतात, निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक फेरी काढा. इंग्लंडमधल्या शाळांसाठी २०१४ मध्ये गॅट्सबी फाउंडेशनने जे निकष मांडले, त्यांत विद्यापीठाचा विचार करणाऱ्या मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत किमान दोन भेटी धरल्या आहेत. एका भेटीने मूल भारावतं, दुसऱ्या भेटीत ते प्रश्न विचारतं.

राहिला व्यवहार. शैक्षणिक सहलीसाठी एसटीची सवलत घ्या, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं वेळेत करा, सोबत शिक्षिका हव्यातच. सकाळी सहाला निघा. पोचल्यावर पहिला अर्धा तास स्वच्छतागृह आणि नाश्ता, त्याआधी कोणताही कार्यक्रम नको. विभागात मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे फोनवरच विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण यावरून दिवस बिघडलेले मी पाहिले आहेत.

पत्र दोन महिने आधी पाठवा, कुलसचिवांना एक आणि थेट विभागप्रमुखांना एक. कुलसचिवांच्या कार्यालयातून कागद खाली यायला वेळ लागतो, विभागातल्या माणसाला मात्र तारीख अडवता येते. पत्रात मुलांची संख्या, इयत्ता, माध्यम, गटांची विभागणी, दीड तासाची मागणी, आणि मुलांनी स्वतःच्या हाताने काहीतरी करावं ही विनंती, एवढं लिहा. गावाचं नाव आणि तिथली नदी, पीक, डोंगर, खाण, जे असेल ते एका ओळीत टाका, म्हणजे तास घेणाऱ्याला उदाहरण सुचतं. सत्काराच्या शाली-नारळांची यादी जोडू नका. ती आली की सभागृह बुक होतं, आणि तुमचा सकाळचा दीड तास तिथेच जातो.